अर्धीच शेड धुवायची

सेतुराव, तुम्हाला नेल्यावर मी शेड धुतली. सगळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिनेल घालून.

आधी हेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यावरूनच सुरू झालं. तुम्ही कुठून ऐकत असाल तर पहिला राग याचाच येणार तुम्हाला. तसा तुम्हाला राग करता येत नव्हताच म्हणा. तुम्ही नुसते चष्मा काढून पुसत बसायचात. तेच जास्त झोंबायचं.

पण माणूस गेल्यावर घर धुतात ना? आमच्या मिरजेत धुतात, तुमच्या तंजावरकडच्या मराठी घरांतही धुतात. तिरडी फाटकाबाहेर पडली की मागे बायका बादल्या घेऊन उभ्या, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तुमचं घर म्हणजे गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ती पत्र्याची शेड. वर माळ्यावर तुमची खोली, खाली चाळीस मांजरं. बायको नाही, मुलंबाळं नाहीत. मग धुवायचं कुणी? मी पदर खोचला आणि सेल्वीला म्हटलं, पाणी सोड. दहा वर्षं तुमच्या मांजरांचं सगळं करणारी ती बाई, नळाशी उभी राहून हळूच म्हणाली, "अम्मा, पादि दान." अर्धीच. मी म्हटलं, आज अर्धी-बिर्धी काही नाही, आज सगळी.

तुमची गादी, उशी, चादर स्मशानातल्या माणसाला दिली. खुंटीवरचे दोन खाकी शर्ट, टॉवेल, खुर्चीवरची चौघडी, मांजरांची झाडून सगळी पोती गरम पाण्यात सोडा घालून भिजवली. लेथवरचं कांबळंसुद्धा सोडलं नाही. दुपारपर्यंत शेड नुसती लखलखत होती. मग मी पायरीवर बसले आणि त्या दिवसातलं पहिलं रडू आलं. वाटलं, चला, तुमचं काहीतरी माझ्या हातून झालं.

संध्याकाळी सेल्वीनं ताटल्या मांडल्या. एकही मांजर आलं नाही. माळ्याच्या पत्र्यामागे, कंप्रेसरखाली, ड्रमांच्या फटीत, जिथं जागा सापडली तिथं सगळी दडून बसली होती. तुमच्या घरात, परक्यासारखी.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. तुम्ही मला हेच तर शिकवलं होतंत, अगदी पहिल्या महिन्यात.

आठवतं? नुंगंबाक्कमच्या बँकेतून रिटायर होऊन मला आठच दिवस झाले होते. बँकेच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत सापडलेलं एक पिल्लू खोक्यात घालून मी तुमच्या दारात आले. मराठी आडनावाचा कुणी म्हातारा कारखानदार कारखाना बंद करून मांजरं सांभाळतो, एवढंच ऐकलं होतं. तुम्ही बोलायला लागलात आणि मला वाटलं, कुणी जुनं पत्र वाचून दाखवतंय. "या बाई. जेवून आलांत काय?" असं मराठी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यात मध्येच तमिळ, आणि सगळ्याला तमिळचा हेल. पिल्लू ठेवून मी निघायचं ते निघालेच नाही. दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन हजर. मांजरांची शेड म्हणजे वास येणारच, तो घालवायचाच, असा माझा निश्चय.

आठवडाभर मी रोज सगळी शेड धूत होते आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. आठव्या दिवशी मला स्टुलावर बसवलंत आणि वॉशरकडे बोट दाखवलंत. वॉशर म्हणजे तीन पायांची ती पांढरी मांजरी. तुमच्याकडे सगळ्यांची नावं अशीच, कारखान्यातली. नट, वॉशर, स्पॅनर, आणि तो काळा बोका ग्रीस. वॉशर टेबलाच्या पायाला गाल घासत होती. पुढे जाऊन दाराच्या चौकटीला घासला, मग पोत्याला.

"ती सही करत आहे, बाई," तुम्ही म्हणालात. "हें माझं, हें माझं, हेंही माझं. तुम्ही रोज सकाळीं चाळीस जणांच्या सह्या पुसलांत तर त्यांनी हें घर कुणाचं समजावं?"

तीस वर्षं मी काउंटरवर लोकांच्या सह्या जुळवत होते. सही जुळली नाही की चेक परत. मला तुम्ही बरोबर माझ्याच भाषेत पकडलंत. त्या दिवसापासून नियम ठरला. आज डावी बाजू धुवायची, उद्या उजवी. तीन पोती धुतली तर तीन तशीच ठेवायची. फिनेलची बाटली तुम्ही माझ्याच हातून बाहेर टाकायला लावलीत, मांजराच्या पोटात ते गेलं तर ते मरतं म्हणून. आठ वर्षं मी हा नियम पाळला. आणि तुम्ही गेल्यावर, बरोबर त्याच दिवशी, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन बाटल्या आणल्या. कपाळ माझं.

तुमच्या फळ्याबद्दलही मी कमी हुज्जत घातली नाही. पूर्वी ज्यावर कारखान्याचे जॉब लिहायचात त्या काळ्या फळ्यावर चाळीस नावं. रोज संध्याकाळी एकेक नाव घेऊन तुम्ही सेल्वीला आणि मला विचारायचात, आज यानं आपल्या मर्जीनं काय केलं? किती खाल्लं ते नाही विचारायचं. "खाणं, हगणं, झोपणं तर कैदीसुद्धा करतो." नट पहिल्यांदाच वरच्या फळीवर चढला, खूण करा. स्पॅनरनं दुपारभर उन्हाची तिरीप सोडली नाही, खूण करा. आणि एकदा ग्रीसनं माझा हात रक्तबंबाळ केला तर तुम्ही खडू उचलून त्याच्या नावापुढे खूण केलीत. मी पेटले. म्हटलं, मला बोचकारल्याचं बक्षीस?

"त्याला उचलून घेतलेलं नको होतं. तो नको म्हणाला. तुम्ही हात मागे घेतलांत," तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात. "म्हणजे तो इथं राहतो, बाई. नुसता ठेवलेला नाही."

मी त्या रात्री घरी जाऊन याच वाक्यावर खूप वेळ बसले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमचे हे गेल्यापासून मी मुलाकडे वेलाचेरीला राहते. मुलगा-सून चांगली आहेत, काही कमी करत नाहीत. पण भाजी कुठली करायची, टीव्हीवर काय लावायचं, मी कुठल्या खोलीत झोपायचं, सगळं प्रेमानं ठरलेलंच असतं. नको म्हणायला जागाच नाही. मग एका पावसाळी दुपारी तुम्ही कॉफी पुढे केलीत, मी म्हटलं नको, आज मन नाही. तुम्ही उठलात आणि चाळीस नावांच्या खाली, रिकाम्या जागेत, एक खूण केलीत. सेल्वी खो खो हसली. मीही हसले. त्या एका खुणेवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली, सेतुराव. हे तरी सांगायला हवं होतं.

सांगायचं ते राहिलं आणि नको ते बोलून बसले.

ते भांडण तर आपलं जुनंच. चाळीस. चाळीसच्या वर एक नाही. दारात कुणी खोकं घेऊन आलं की तुमचं ठरलेलं, "इडम इल्लै." जागा नाही. मला ते दोन शब्द कानात शिसं ओतल्यासारखे वाटायचे. मी म्हणायची, अहो, एवढी मोठी शेड, अजून वीस सहज मावतील. तुम्ही म्हणायचात, "मावतील, बाई. पण कोपरे चाळीसच आहेत. ज्याला आपला कोपरा नाही तें मांजर दिवसभर दुसऱ्याच्या भीतीनं जगतं. तें जगणं नव्हे." मी तुम्हाला कोपरे मोजणारा सर्व्हेअर म्हणायची.

शेवटच्या वेळी प्रकरण तिरुवल्लिकेणीचं होतं. तिथल्या एका मॅन्शनमध्ये, त्या एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या इमारतीत, कुणी म्हातारे कारकून तीस वर्षं राहिले आणि आता गावी निघाले. त्यांनी सांभाळलेली सहा मांजरं मागे. मालकाला ती नको. कारकूनबुवा माझ्यापुढे रडले आणि मी शब्द देऊन बसले. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चष्मा काढलात. "इडम इल्लै, बाई. पोदुम." पुरे.

मी म्हटलं, "तुमच्या चाळिसांना सिंहासनं, आणि बाकीच्यांनी रस्त्यावर चिरडून मरायचं. तुमच्या छातीत काळीज नाहीच, लेथचं लोखंड आहे."

कॉफीचा पेला तसाच टेबलावर सोडून मी तरातरा निघून गेले. आठवडाभर फिरकले नाही. मनात म्हटलं, बघू देत जरा. आठव्या दिवशी सकाळी सेल्वीचा फोन आला. ते लोखंडाचं वाक्य माझं तुमच्याशी शेवटचं.

तर आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरीचशी मांजरं लपतछपत येऊन चार घास खाऊन गेली. वॉशरनं आणि ग्रीसनं मात्र तोंड लावलं नाही. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं आणि बजावलं, मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही तर यकृत निकामी होतं, कसंही करून खायला लावा. ग्रीस कंप्रेसरखाली भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी सुरमईचा तुकडा धरला, हाक मारली, शेवटी तमिळमधून विनवण्या केल्या. तो बघेना.

तिसऱ्या दिवशी तुमची चित्रा आली. तुमच्या बहिणीची मुलगी, बंगळूरची, आता शेड तिच्या नावावर. पोर गुणी आहे, तुमच्यावर जीव होता तिचा. शेडमध्ये उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं. एक मांजर दिसेना, आणि नाकात फिनेल.

"आंटी, ही मांजरं हॅपी नाहीत," ती म्हणाली. "लपून बसलीत सगळी. कोण खातंय, कोण नाही, कळत पण नाही."

मग तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. स्टीलचे पिंजरे, तीन मजली, ओळीनं. प्रत्येकाला दार, ताटली, नंबर. कुणी दाते आहेत, ते सगळे पिंजरे बसवून द्यायला तयार आहेत. तुम्हाला दोनदा विचारलं होतं म्हणे, तुम्ही दोनदा नाही म्हणालात. मला तुम्ही कधी कळूही दिलं नाहीत.

"एकशे वीस राहतील. म्हणजे एटी मोर लाइव्हज, लॉजिकली बघा ना," चित्रा म्हणाली. "आणि तुम्हीच तर मामांशी भांडायच्या ना, अजून घ्या म्हणून? मामा मला फोनवर सांगायचे. शैलाबाईंचं म्हणणं चुकीचं नाही, असं पण म्हणायचे."

माझेच दात माझ्या घशात घातले पोरीनं. वर तुम्ही, माझ्यापुढे लोखंड आणि माझ्या पाठीमागे हे असं बोलायचात? खरं सांगू, क्षणभर वाटलंही, ग्रीस पिंजऱ्यात असता तर निदान डोळ्यांसमोर तरी राहिला असता. चित्रा म्हणाली, तेराव्याला मी परत जाणार, त्याआधी त्यांना हो कळवते.

त्याच दिवशी दुपारी तुमचा बटणांचा फोन वाजला. तो मीच जवळ ठेवला होता. पलीकडून एक पुरुष तमिळमध्ये तुमच्याबद्दल विचारत होता, सार का आले नाहीत? तीन दिवस झाले, मांजरं वाट बघतायत. मी विचारलं, कुठली मांजरं?

बस पकडून तिरुवल्लिकेणीला गेले. त्या मॅन्शनला लागून एक मेस आहे, तिचे मालक मणी, फोन त्यांचाच होता, मला मागच्या अंगणात घेऊन गेले. विहिरीच्या कठड्याशी, लाकडांच्या ढिगावर, न्हाणीच्या पत्र्यावर सहा मांजरं. सहाही जणांच्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे ऑपरेशनं झालेली. आणि भिंतीला, वेगवेगळ्या उंचीवर ठोकलेले सहा पत्र्याचे ट्रे. ते ट्रे मी ओळखले. आपल्या शेडमधले, ज्यांत पूर्वी बोल्ट ठेवायचात. सहा मांजरं, सहा कोपरे. मी घरी रुसून बसले होते त्या आठवड्यात, तुम्ही या वयात बसनं येऊन इथं खिळे ठोकत होतात.

"हीच नाहीत, अम्मा," मणी म्हणाले. "जागा नाही म्हणून ज्यांना परत पाठवतात ना, त्यांच्या मागून सार जातातच. मैलापूरला आहेत, तांबरमला आहेत. कुणाचं तरी अंगण शोधून देतात, ऑपरेशन करून आणतात, शिकवून जातात. मला म्हणाले, आमच्या बाईंना कळू देऊ नका. कळलं तर ऑटोत घालून सगळी शेडवर आणतील."

मी त्या मेसच्या अंगणात, चार गिऱ्हाईकं जेवत असताना, मोठ्यानं हसले आणि लगेच हुंदका फुटला. आणली असती हो. अगदी तेच केलं असतं मी.

सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये तुमचा तिसरा खाकी शर्ट होता. न धुतलेला. कॉलर काळी, मशीन ऑइल, कॉफी आणि तपकीर यांचा तो तुमचा वास. दोन मांजरं त्यावर बसली होती. मी तो उचलायला गेले तर मणी संकोचून म्हणाले, "अम्मा, तुम्ही नेलात तर ही कशावर झोपणार?"

खरंच की. मी पुन्हा तेच करायला निघाले होते, सगळंच उचलायला. मी कात्री मागितली. त्यांनी केळीची पानं कापायची सुरी आणून दिली. पाठीच्या मधोमध शर्ट कापला. एक अर्धं तिथंच ट्रेमध्ये ठेवलं आणि एक पिशवीत घट्ट बांधून गिंडीला आणलं.

लेथवर तो तुकडा ठेवला आणि बाजूला झाले. हाक नाही, विनवणी नाही. सेल्वीनं पंखा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ग्रीस लेथवर, तुमच्या बाहीत तोंड खुपसून. मला बघून उठला, लेथच्या मुठीला एकदा गाल घासला, मग दुसऱ्यांदा. सही केली त्यानं. त्यानंतर अर्धी ताटली खाल्ली. वॉशर त्याच दिवशी दुपारी आली. मी फळ्यापाशी गेले आणि चार दिवसांत पहिली खूण केली. खूण वाकडी आली आहे.

मग चित्राला बोलावलं. म्हटलं, मोबाइल पर्समध्ये ठेव आणि दोन तास इथं जमिनीवर बस, काही करू नको. बसली बिचारी, चांगल्या साडीत. हळूहळू शेड भरत गेली. स्पॅनर आपल्या उन्हात येऊन पसरला. नट वरच्या फळीवरून तिच्याकडे टकमक बघत राहिला. वॉशर तिच्या चपलेला गाल घासून पुढे गेली. चित्राला राहवलं नाही, तिनं ग्रीसला उचलायला हात घातला. त्यानं फटका दिला. तिनं हात मागे घेतला. मी खडू तिच्या हातात दिला आणि म्हटलं, त्याच्या नावापुढे खूण कर. का ते समजावून सांगितलं, तुमच्याच शब्दांत. खडू हातात धरून ती फळ्याकडे बघत राहिली. चाळीस नावं, सगळी मामाच्या अक्षरात.

"पण बाहेरच्या ऐंशींचं काय, आंटी?" ती म्हणाली. प्रश्न खोटा नाही तिचा. माझाही तोच होता.

मी म्हटलं, त्याचं उत्तर या शेडमध्ये नाही, ते मागच्या अंगणांत आहे. उद्या माझ्याबरोबर तिरुवल्लिकेणीला चल. तुझ्या त्या दात्यांना सांग, पिंजरे नकोत, ऑपरेशनं करून द्या आणि भिंतींना ट्रे ठोकून द्या. आणि पिंजरे आणायचेच ठरवलंस तर पहिला मला लागेल, मी त्यात बसणार आहे. ती हसली, पण मी हसत नव्हते, आणि ते तिला दिसलं.

ती तिरुवल्लिकेणीला आली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "एक वर्ष पिंजरे नाहीत. मी येऊन बघणार." मी म्हटलं, ये, रोजचा फळा दाखवीन. एक वर्ष म्हणजे काही कायमचं नाही, मला कळतं. पण हातात आलंय ते सोडणार नाही.

आज तेरावा. माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही बरं का. कंप्रेसरच्या मागे दोन कोपरे रिकामे आहेत, मी नीट बघितलेत, बेचाळीस व्हायला हरकत नव्हती. यावर आपण अजून भांडणार आहोत. पण तुमच्या छातीबद्दल जे बोलले ते परत घेते. ऐकू आलं असेल तर चष्मा पुसू नका.

सकाळी डावी बाजू धुतली, साध्या पाण्यानं. मग तुमचा फोन वाजला. नुंगंबाक्कमहून एक बाई, जिन्याखाली तीन पिल्लं सापडलीत, आत्ता आणून देऊ का म्हणाली. चाळीस नावं समोर होती. मी म्हटलं, "इडम इल्लै." पलीकडे ती बाई एकदम चिडली. म्हणाली, तुम्हा लोकांना काळीज आहे की नाही?

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. पिशवीत एक पत्र्याचा ट्रे, हातोडी आणि खिळ्यांची पुडी घातली.

"पत्ता सांगा," मी म्हटलं. "मी येते."